ओरडून न सांगायच्या गोष्टी

४ नोव्हेंबर

धनतेरस गेली, दिवाळी गेली, आणि भांड्याच्या दुकानाचा मालक डोक्याला पट्टी बांधून घरात. उदगीरमधी हे पहिल्यांदाच झालं असंल. धाकट्या भावानं, शिवप्रसादनं, एकट्यानं सगळी गर्दी सांभाळली.

हैद्राबादच्या डॉक्टरांनी उजव्या कानामागच्या हाडात यंत्र बसवलं, त्याचे टाके आता वाळले. पण यंत्र अजून मुकं आहे. त्याचा बाहेरचा तुकडा, कानावर अडकवायचा, तो नांदेडला अठरा तारखेला मिळणार. ऑपरेशनच्या आधी त्या कानात डब्यातून आल्यासारखं थोडंफार काहीतरी यायचं. आता तेही गेलं. डावा कान तर कधीच संपला.

राहिली ती शिट्टी. ती आधीपण होती, पण लांब, शेजाऱ्याच्या घरात असल्यासारखी. ऑपरेशनपासून ती माझ्या डोक्यातच राहायला आली. कुकर चढवून बाई गावाला गेली तसं चालू आहे. आम्ही स्वतः कुकर विकतो, तक्रार कुणाकडं करायची?

डॉक्टर म्हणाले (म्हणजे लिहून दिलं) की काहींना असं होतं, कमी येईल. रोज किती ते लिहून ठेवावं म्हणून ही वही काढली.

शिट्टी : जोरात.

९ नोव्हेंबर

बायकोबद्दल एक लिहितो. दानम्मा भालकीची, लग्न होऊन आली तेव्हा मराठी कमी, कानडी जास्त, पण दोन्ही भाषांत बोलत राहायची. पुढं माझे कान जात गेले तशी तीही कमी बोलू लागली. वय झालं की माणूस शांत होतं. आता सगळं मिळून चार शब्द : जेवा, च्या घ्या, गॅस संपला. तेही ऑपरेशनपर्यंत ओरडून, कारण दुसरा इलाज नव्हता.

शेजारच्या रजियाभाभीशी मात्र तासभर तोंड चालू असतं. मला दिसतं ना. मी अंगणात गेलो की दोघी गप्प. बायकांचं असेल काहीतरी.

शिट्टी : जोरात. जेवताना जास्त.

१८ नोव्हेंबर

नांदेड. आजचा दिवस मी किती वर्षं मनात रंगवला होता.

सृष्टी, आमची मुलगी, तिथंच फार्मसीला आहे. ती हॉस्टेलवरून थेट आली. यंत्र जुळवून देणाऱ्या अर्शी मॅडम पोरसवदाच आहेत, सृष्टीहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी यंत्र कानावर अडकवलं, लोहचुंबकानं ती चकती डोक्याला चिकटली, आणि संगणकावर लिहून दाखवलं : "काका, चालू करते. घाबरू नका."

आधी टिकटिक. मग खोली बोलायला लागली. पंखा, खुर्ची, कुणाच्या तरी बांगड्या, सगळ्यांचा एकच आवाज, रिकाम्या डब्यात उंदीर पळाल्यासारखा. मॅडमनी दानम्माला खूण केली. ती पुढं सरकली आणि काहीतरी बोलली. ताटावर चिमणीनं चोच मारावी तसं ऐकू आलं.

मी म्हणालो, "हे काय? हिचा आवाज असा नव्हता."

सृष्टी हसली. दानम्मा पुन्हा काही बोलली, ते मला लागलं नाही. सृष्टीनं मोबाईलवर लिहून दाखवलं : आई विचारते, कसा होता ते आठवतंय का?

मी मॅडमकडं वळलो. त्या लिहून समजावू लागल्या होत्या. कान नवीन आहे, मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, आवाज महिन्या-दोन महिन्यांत माणसाचा होतो. शिट्टीचंही विचारलं. त्यांनी लिहिलं : मेंदूला बाहेरून काही मिळत नाही म्हणून तो उपाशी पोरासारखा स्वतःच ओरडतो. आता खायला मिळेल. पण यंत्र काढून ठेवाल तर परत रडेल. आणि काका, शिट्टी रोज मोजत बसू नका, मोजली की मोठी होते.

घरी अभ्यास दिलाय. कुणीतरी तोंडावर हात धरून वाक्य म्हणायचं, ओठ दिसू द्यायचे नाहीत. मी ऐकून परत म्हणायचं. वाक्यं कुठलीही, सोपी, मनानं केलेली.

शिट्टी : मोजू नका म्हणाल्या. तरी, जोरात.

२२ नोव्हेंबर

दुकानात गेलो. जायला नको होतं.

गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणून पोऱ्यानं परातींची चवड खाली उतरवली. माझ्या डोक्यात वीज पडली. नंतर एक बाई डब्याचं झाकण लावून-काढून बघत होती, आमच्याकडं सगळ्या बायका तसंच बघतात, पण मला वाटलं की ती झाकण माझ्या कपाळावर लावून राहिलीय. यंत्र उपटलं आणि गल्ल्यात टाकलं. त्याबरोबर शिट्टी अशी चढली की शिवप्रसाद काय विचारतोय तेही बघवेना.

घरी आलो. दानम्मानं माझ्या रिकाम्या कानाकडं पाहिलं आणि आत गेली.

२९ नोव्हेंबर

यंत्र शिवप्रसादनं घरी आणून दिलं, ते आठवडाभर कपाटातच होतं. परवा शिवप्रसादनं मोबाईलवर लिहून दाखवलं, "दादा, तू घरीच थांब, मी बघतो दुकानाचं." चांगल्या मनानंच लिहिलं असणार. मी हाव, थांबतो म्हणालो. पण दोन दिवस तेच वाक्य डोळ्यांपुढं आहे. चोपन्नाव्या वर्षी घरीच थांबायचं. सगळं करून हाती काय आलं, तर मोठी शिट्टी.

आज दुपारी जेवायला बसलो तर ताटात शेंगाची चटणी, आणि चटणीशेजारी वाटीत ते यंत्र. दानम्मा समोर बसली. सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाली, "घाला."

मी मान हलवली. तिनं भाकरीची टोपली उचलली आणि मागं ठेवली. स्वतःचं ताटही पालथं घातलं. आम्ही दोघं मोठी माणसं, भरल्या घरात उपाशी बसलो. भाजी गार होऊन राहिली. शेवटी घातलं.

मग तिनं पदर तोंडापुढं धरला. काहीतरी टिकटिक झाली. मी नाही म्हणालो. तिनं परत म्हटलं. आणखी एकदा.

"टोपल्यात भाकर हाय," मी म्हणालो.

तिनं टोपली पुढं केली.

७ डिसेंबर

अभ्यास रोज चालू आहे. चारच्या चहानंतर, स्वयंपाकघरात, दार लोटून. तिचा आवाज अजून पत्र्याचाच, पण पत्र्यातून शब्द निघतात. आजची वाक्यं :

"पाणी तापलंय." बरोबर.

"किल्ली खुंटीला हाय." बरोबर.

"शिवप्रसादनी तुम्हाला घरी बसा म्हणलेलं मला आवडलं न्हाई." हे चुकलं. मला 'आवडलं'च्या जागी 'सापडलं' ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला बरोबर.

मॅडमनी सोपी वाक्यं सांगितली होती. ही उगीच लांब घेते.

१५ डिसेंबर

आज एकच वाक्य, पण केवढं : "बारावीच्या निकालाला सृष्टी लई रडली, तुम्हाला दिसू नये म्हणून रजियाभाभीच्या गच्चीवर जाऊन बसली व्हती."

तुकडे करून म्हणून घेतलं. 'गच्ची' सोडून सगळं आलं. मी म्हणालो, "असलं काय घेतीस? घरातल्या वस्तूंची घे. चमचा, पातेलं."

ती पदर न धरताच म्हणाली, "हे घरातलंच हाय."

तेही मी ओठ न बघता ऐकलं. म्हणजे सुधारणा आहे.

शिट्टी : संध्याकाळी होती. दुपारचं आठवत नाही.

२१ डिसेंबर

आज चांगलं जमलं. तिचा आवाज थोडा खाली उतरल्यासारखा वाटतो, पत्रा जाऊन पितळ आल्यासारखा.

"तीन वर्सांखाली मी रजियाभाभीसंगं लातूरला गेले व्हते." पहिल्या खेपेला बरोबर! एवढं लांब वाक्य, आणि एका दमात.

"तुम्हाला भालकीला जाते म्हणून सांगितलं व्हतं." बरोबर.

मग एकदम छोटं. मी म्हणालो, "खाट होती? बरोबर आलं का?"

ती थांबली. पदर तसाच तोंडापुढं. पुन्हा म्हणाली, मला पुन्हा खाटच ऐकू आली.

"हाव," ती म्हणाली. "खाट." आणि चहाची भांडी उचलून मोरीकडं गेली.

एक पण चूक नाही. खाट बघायला लातूरपर्यंत गेल्या म्हणजे लाकडी नक्षीची असेल. घेतली कशी नाही ते विचारायचं राहिलं.

३० डिसेंबर

आज येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं उदगीर रानात. आम्ही शिवप्रसादच्या सासऱ्याच्या मळ्यात, रजियाभाभींचं घरही सोबत, दरवर्षीसारखं. भज्जी, उंडे, आंबील. खायचं आणि ज्वारीच्या सावलीत लवंडायचं.

रानात यंत्राला सुख आहे. भांडी नाहीत, भिंती नाहीत, आवाज येतात आणि निघून जातात. ज्वारीची पानं घासतात ते मी आज नऊ-दहा वर्षांनी ऐकलं. जेवण झाल्यावर कडब्याच्या खोपीला टेकून डोळे मिटले होते. खोपीच्या पलीकडं कुणीतरी हसत होतं. मोकळं, खालून वर चढत जाणारं हसणं. कोण बाई एवढी खुशीत आहे म्हणून ऐकत राहिलो, आणि मग ओळखलं. दानम्मा. अगदी भालकीहून आली तेव्हासारखी. पत्रा नाही, पितळ नाही, तीच.

मी उठणार होतो, तेवढ्यात रजियाभाभीचा आवाज आला. "मग अक्का, भाईला सांगितलं का गाठीचं?"

"सांगितलं की. त्यांना खाट ऐकू आली."

"खाट?"

"हाव! वरून म्हणतात, बरोबर आलं का?"

आणि दोघी पुन्हा हसल्या, पोट धरून असणार. हसता हसता दानम्माचं हसणं मधेच तुटलं. मग भाभी म्हणाली, "नक्को अक्का, रोओ नक्को. हो गया ना वो सब."

मी बसल्या जागी बसून राहिलो. गाठ. शब्द इतका स्वच्छ ऐकू आला होता की त्याचं दुसरं काही करता येईना. थोड्या वेळानं उठलो, खोपीला वळसा घातला. मला बघून भाभी "पानी देखती" म्हणत उठून गेली.

मी विचारलं, "गाठ कसली?"

दानम्मानं आजूबाजूला बघितलं. विहिरीवर शिवप्रसाद, बांधावर पोरं. "घरी सांगते."

"इथंच सांग. हळू सांग. मला ऐकू येतंय."

तिनं आधी विश्वास ठेवला नाही. मग मान खाली घालून, शेजारच्यालाही जाणार नाही एवढ्या आवाजात बोलली. मी पुढं वाकलो. काखेजवळ, छातीला, लिंबाएवढी लागली होती. लातूरला दवाखान्यात सुई घालून तपासलं. आठ दिवसांनी कागद आला. साधी निघाली, कसली भीती न्हाई म्हणाले.

"मला का न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. "आधी गल्लीला ऐकू गेलं असतं, मग तुम्हाला."

"लिहून द्यायचं."

"लिवलं व्हतं. असलं कागदावर लई मोठं दिसतं. फाडलं." मग तिनं पदराचं टोक चाचपलं. "ते आठ दिवस लई वंगाळ गेले बगा. तुम्ही जेवत व्हता, मी वाढत व्हते."

शिवप्रसादनं हाक मारली, आंबील संपायला आलंय म्हणून. आम्ही दोघं गेलो नाही.

३१ डिसेंबर

तीन वर्षांपूर्वीचे ते आठ दिवस आठवून बघतोय. आठवत नाहीत. दुकान उघडलं असेन, बंद केलं असेन. ती भालकीहून आली म्हणून तिच्या भावाची खुशाली विचारली असेन. तिनं बरा हाय म्हणून ओरडून सांगितलं असेल.

सकाळी पूजेला बसलो, इष्टलिंग हातावर, मन ठरेना. साधी निघाली, हे तिचे शब्द मनात म्हणत बसलो. त्यावर मन ठरलं.

चहाला तिनं स्वतःच सांगितलं की दरसाल दाखवायला या म्हणालेत. गेल्या साली गेली होती. यंदा माझ्या ऑपरेशनात राहून गेलं.

"जाऊ," मी म्हणालो.

"रजियाभाभी येती की."

"मी येतो."

९ जानेवारी

नांदेडला यंत्राची तपासणी. अर्शी मॅडमनी बटणं फिरवून आवाज थोडे वाढवले. आता त्या लिहीत नाहीत, बोलतात, आणि मी उत्तर देतो. हे लिहितानाही बरं वाटतं.

"काका, शिट्टीचं काय?"

मला थांबून बघावं लागलं. कपाटात वस्तू आहे का ते बघावं तसं. "आहे," मी म्हणालो. "पण लांब. बघितली तर दिसते."

"झोपताना?"

ते खरंच अवघड होतं. यंत्र काढलं की बाहेरचं सगळं बंद, आणि ती एकटी मालकीण. आता काय करतो ते मॅडमना सांगितलं. झोपायच्या आधी बराच वेळ यंत्र घालून बसतो. दानम्मा दिवसभराचं सांगते, कधी दहा वर्षांपूर्वीचंही सांगते, तिचं बरंच साठलंय. मग यंत्र काढलं तरी डोक्यात तेच चालू राहतं, कोण काय म्हणालं, मग पुढं काय झालं. शिट्टी येते, जागा नाही बघून कडेला बसते. कधी झोप लागते कळत नाही.

"पण मुख्य म्हणजे मॅडम," मी म्हणालो, "गेल्या खेपेला तुम्ही जे सेटिंग केलं ना, त्याचा गुण आला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग दानम्माकडं. "हो काका," त्या म्हणाल्या. "सेटिंग फार चांगलं बसलंय. बदलू नका."

दानम्मा पदराआड हसत होती. मॅडमचं कौतुक केलं की तिलाही बरं वाटतं.

१७ जानेवारी

संक्रांतीपासून हळदीकुंकवाच्या वाणाची गर्दी. वाट्या, गाळण्या, छोटे डबे, बायकांचे घोळके. मी न विचारता दुकानात गेलो आणि गल्ल्यावर बसलो. शिवप्रसाद गिऱ्हाईकांकडं वळला.

घोळक्यात अजून काही लागत नाही, सगळा चिवचिवाट. पण एकेक बाई समोर आली की जमतं. एकीनं "नाव घालून मिळेल का?" विचारलं आणि मी "किती वाट्यांवर?" म्हणालो. बस्स. दहा वर्षांपूर्वी हे मी दिवसातून पन्नास वेळा करत होतो.

दुपारी परात उतरवायची वेळ आली तेव्हा मी खांदे आवळून बसलो. आवाज झाला, पण बसका. वळून पाहिलं तर फरशीवर गोणपाट अंथरलेलं. मांडण्यांवरही, ताटांच्या चवडीखाली, पुठ्ठ्याचे तुकडे.

"हे कधी केलं?"

"झाले की आठ-दहा दिवस," शिवप्रसाद दुसरीकडं बघत म्हणाला. "दुकान कसं, रिकामं रिकामं वाटायलं होतं दादा."

मला हे ऐकू आलं ते बरं झालं. लिहून त्यानं दाखवलं नसतं.

५ फेब्रुवारी

लातूर. सकाळच्या गाडीनं गेलो. रात्रभर दानम्मा कूस बदलत होती, पण विचारलं की "काई न्हाई."

दवाखान्याचा हॉल म्हणजे बाजार. पंखे, लेकरं, टीव्ही, मोबाईल. माझ्या कानात सगळ्याचा लगदा झाला, यंत्र काढून खिशात टाकावं असं वाटलं. दानम्मा बाकावर हात मांडीत घट्ट धरून, डोळे फरशीवर. काही ऐकतच नव्हती. मी यंत्र काढलं नाही.

त्या लगद्यातून एक शब्द निघाला. लांबच्या दारात नर्स उभी होती. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं, आणि मी दानम्माच्या खांद्याला हात लावला.

"तुला बोलावतायत."

ती दचकली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"हाव. चल."

आत डॉक्टरबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. मी पडद्याबाहेर उभा. त्या बोलत होत्या ते तुकड्यातुकड्यांत येत होतं, म्हणून मी श्वास धरून ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा माझा चेहरा बघून त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं आणि स्पष्ट, सावकाश म्हणाल्या, "जशी होती तशीच आहे. वाढ नाही. काळजीचं काही नाही. पुढच्या वर्षी या."

"परत एकदा सांगा," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि परत सांगितलं. मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

बाहेर आल्यावर दानम्मा झपाझप चालत सुटली. मग बसस्टँडसमोर उसाचा रस घेतला. दोन ग्लास प्यायली, तिसरा माझ्या ग्लासातून. उदगीरच्या गाडीत खिडकी मिळाली आणि ती सुरू झाली. नर्सची साडी, हॉलमधली रडकी पोर, सृष्टीच्या लग्नात भालकीहून किती माणसं येणार (सृष्टीच्या लग्नाचा अजून पत्ता नाही), तिच्या आईला लहानपणी साप चावला होता ती हकीकत, जी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आष्टामोड गेलं, ती बोलत होती. मी म्हणालो, "दम घे." ती म्हणाली, "कशाला?"

नळेगावच्या अलीकडं यंत्राचा सेल संपला. एकदम सगळं बंद. गाडी, वारा, दानम्मा. आणि शिट्टी आली, जिथल्या तिथं, नेहमीची. मी तिला ओळखलं, ती मला ओळखते. काही वाटलं नाही. दानम्माचे ओठ चालूच होते, हातवारे चालू, मधेच हसली, खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं, पुन्हा माझ्याकडं वळली. तिला कळलंच नव्हतं. थोडा वेळ मी तसंच बघत राहिलो, कारण बघण्यासारखं होतं.

मग शर्टाच्या खिशातून दुसरे सेल काढले. ते बघून तिचे ओठ थांबले, तोंडावर हात गेला. मी सेल बसवले, यंत्र कानाला लावलं, गाडीचा घरघराट परत आला.

"कधी बंद पडलं?" ती म्हणाली. "मी तर बोलतच राहिले."

"परत सांग."

"कुठून?"

"नळेगावापासून."